पारध्याचा अर्ज

दिवाळीच्या दिवसांत यवतमाळ जिल्ह्यातली वावरे रात्री झोपत नाहीत. पऱ्हाटीची बोंडे फुटलेली असतात, तूर फुलोऱ्यावर येते, हरभऱ्याचे कोंब नुकतेच जमिनीवर आलेले असतात. नेमक्या याच वेळी रोही (नीलगाय) आणि रानडुकरांचे कळप जंगलाच्या कडेने खाली उतरतात. रोही तुरीत शिरले की शेंडे खुडत जातात. डुकरे हरभऱ्यात शिरली की खातात त्याहून जास्त उकरून टाकतात. कळंब, राळेगाव, घाटंजी, केळापूर, झरी जामणी या तालुक्यांतला शेतकरी धुऱ्यावर माळा बांधून जागल करतो. हातात बॅटरी, बाजूला टिनाचा डबा आणि खिशात चार फटाके. पहाटे डोळा लागला, की तेवढ्या अर्ध्या तासात हंगामाची मेहनत मातीत जाते.

याच जिल्ह्यात, गावापासून जरा अंतर राखून, पारधी बेडे, म्हणजे वस्त्या, आहेत. ओल्या मातीतला खूर पाहून डुक्कर एकटे होते की पिलांसह, केव्हा गेले आणि परत कोणत्या वाटेने येईल, हे सांगण्याची विद्या या बेड्यांवर पिढ्यानपिढ्या चालत आली. एकीकडे डुकरांनी हैराण झालेला शेतकरी आणि दुसरीकडे डुकराची वाट ओळखणारा माणूस. मध्ये फार तर अर्ध्या कोसाचे अंतर. तरीही कायद्याच्या चौकटीत ही दोन माणसे एकमेकांच्या उपयोगी पडत नाहीत.

असे का होते ते समजून घेण्यासाठी एक अर्ज डोळ्यांसमोर आणू. समजा, एखाद्या बेड्यावर पन्नाशीचा फासेपारधी आहे. पंचवीस वर्षांपूर्वी चोरीच्या गुन्ह्यात त्याला शिक्षा झाली आणि ती त्याने पूर्ण भोगली. आता शेजारचा शेतकरी त्याला म्हणतो, डुकरांचा बंदोबस्त करून दे, मजुरी देतो. तो साधा प्रश्न विचारतो, "साहेब, कायद्यात राहून हे काम मले करता येते का?"

हा माणूस मी कल्पिलेला आहे. त्याच्या वाटेत येणारी कलमे आणि कार्यालये मात्र खरी आहेत. त्या वाटेने त्याच्याबरोबर चालून पाहू.

फासाची विद्या

पारध म्हणजे शिकार आणि पारध करणारा तो पारधी. नावातच धंदा आहे. फास लावून सावज धरणारे ते फासेपारधी. शिकवलेल्या चित्त्याकडून काळवीट धरणारे ते चित्तापारधी. संस्थानिकांच्या शिकारखान्यांत एकेकाळी त्यांना मानाची जागा होती. शिकवलेल्या गाईबैलाच्या आडोशाने सावजाजवळ सरकणारे ते गायपारधी, आणि जात्याला टाकी लावून पोट भरणारे टाकणकार. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत पारधी, फासेपारधी, लंगोली पारधी, चित्तापारधी, शिकारी, टाकणकार ही नावे एकाच नोंदीत येतात.

फासेपारध्याचे हत्यार दिसायला अगदी साधे. एका लांब दोरीला ठरावीक अंतरावर सरकफास बांधलेले, आणि दोरी जमिनीशी धरून ठेवायला खुंट्या. फास कुठे मांडायचा, किती उंचीवर, वाऱ्याच्या कोणत्या बाजूला, हाका कुठून द्यायचा, यात सगळे कसब. तितराची हुबेहूब साद घालून तितराला जवळ बोलावणे हेही त्याच विद्येचे अंग. ही विद्या शाळेत मिळत नाही. बापाच्या मागे रान तुडवत ती पोराच्या पायात उतरते. तिला बंदूक लागत नाही, हे इथे लक्षात ठेवावे. पुढे सगळा गुंता बंदुकीपाशीच होतो.

कायद्याने काय बंद केले

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ साली आला. शिकार तेव्हा एका झटक्यात संपली नव्हती. मूळ कायद्यात छोट्या शिकारीचा, मोठ्या शिकारीचा, विशेष शिकारीचा आणि सापळे लावून प्राणी धरण्याचाही परवाना होता. १९९१ च्या दुरुस्तीने ही परवान्यांची व्यवस्थाच काढून टाकली. तेव्हापासून भारतात हौसेची शिकार कोणालाच कायदेशीर नाही. राजाच्या वंशजाला नाही, साहेबाला नाही, पारध्यालाही नाही.

कायद्यातली शिकारीची व्याख्याही रुंद आहे. मारणे तर शिकार आहेच. पकडणे, फास लावणे, सापळा लावणे, हाका देऊन पळवणे, विष घालणे, पक्ष्यांची अंडी काढणे, आणि यातले काहीही करण्याचा प्रयत्न हीसुद्धा शिकार. म्हणजे रिकामा फास मांडला तरी गुन्हा होऊ शकतो. अभयारण्यातल्या शिकारीला आणि पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षांची कैद आहे. पारध्याच्या फासात पूर्वी येणारे काळवीट, मोर आणि घोरपड पहिल्या अनुसूचीत आहेत.

पुढे २००६ साली वनहक्क कायदा झाला. आदिवासींवर झालेला ऐतिहासिक अन्याय दूर करणे हा हेतू या कायद्याच्या प्रस्तावनेतच लिहिलेला आहे. त्याने कसण्याच्या जमिनीचा हक्क दिला, मध, डिंक, कंदमुळे, तेंदूपाने यांसारख्या गौण वनोपजाचा हक्क दिला, जलाशयातल्या मासळीचा आणि भटक्या समाजांना ऋतुमानाप्रमाणे साधनसंपत्ती वापरण्याचा हक्क दिला. मात्र परंपरेने चालत आलेले इतर हक्क मान्य करणाऱ्या कलमातच एक अपवाद स्पष्ट शब्दांत घातला: वन्यप्राण्यांची शिकार करण्याचा, त्यांना सापळ्यात धरण्याचा किंवा त्यांच्या शरीराचा भाग काढण्याचा पारंपरिक हक्क यात येत नाही.

वन्यजीवांच्या बाजूने पाहिले तर हा अपवाद योग्यच आहे, असे माझे मत आहे. शिकार हा हक्क म्हणून खुला केला असता, तर आधीच उरलेसुरलेले रान रिकामे झाले असते. पण ज्या समाजाचा शिकार हाच धंदा होता, त्याला त्या बदल्यात काय दिले, याचे उत्तर त्या कलमात नाही. कोळी समाजाची मासेमारी उद्या बंद केली, तर पर्यायी रोजगाराचा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला जाईल. पारध्यांच्या बाबतीत तो पन्नास वर्षे नीट विचारलाच गेला नाही.

अकराव्या कलमातले दार

तरी एक दार आहे. वन्यजीव कायद्याचे अकरावे कलम सांगते, की दुसऱ्या अनुसूचीतला एखादा प्राणी माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोकादायक झाला असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी कारणे नोंदवून त्या प्राण्याच्या शिकारीची परवानगी देऊ शकतो. उभे पीकही इथे मालमत्तेत धरले आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर रोही आणि रानडुक्कर दोघेही या दुसऱ्या अनुसूचीत आहेत. पहिल्या अनुसूचीतल्या वाघ-बिबट्यांचा नियम वेगळा आणि कडक. तिथे फक्त माणसाच्या जिवाला धोका किंवा प्राण्याचे असाध्य दुखणे हेच कारण चालते, आणि पकडणे, बेशुद्ध करणे किंवा दुसरीकडे हलवणे शक्य नसेल तरच मारण्याचा आदेश निघतो.

महाराष्ट्र शासनाने २०१५ साली रोही आणि रानडुकरांच्या बाबतीत परवानगीचे अधिकार वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यापर्यंत खाली आणले. त्यामुळे पिकाचे नुकसान झालेल्या शेतकऱ्याला मुंबई-नागपूरकडे डोळे लावून बसावे लागत नाही, तालुक्याच्या पातळीवर अर्ज करता येतो. इतर राज्यांनी वेगळ्या वाटा धरल्या. केंद्र सरकारने २०१५-१६ मध्ये बिहारच्या काही जिल्ह्यांत रोही आणि रानडुकरे, तर उत्तराखंडात रानडुकरे ठरावीक मुदतीसाठी उपद्रवी घोषित केली. केरळने २०२२ मध्ये रानडुकरे मारण्याचा आदेश देण्याचे अधिकार थेट स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांकडे दिले.

आता अकराव्या कलमाचे शब्द नीट वाचावेत. परवानगी कोणाला देता येते? कायदा म्हणतो, "कोणत्याही व्यक्तीला". जमिनीचा मालकच हवा, असे तिथे लिहिलेले नाही. बंदूकधारीच हवा, असेही नाही. आणि शिकारीच्या व्याख्येत पकडणे हेही येतेच. म्हणजे कायद्याच्या अक्षरात आपल्या अर्जदाराला जागा आहे. पूर्वी शिक्षा झालेल्या माणसाला ही परवानगी देऊ नये, अशी अटही त्या कलमात नाही.

पण कायद्याचे अक्षर आणि कार्यालयातला रिवाज यांत अंतर पडते. परवानगी मागतो तो शेतकरी, कारण सातबारा आणि नुकसानीचा पंचनामा त्याच्या नावावर. प्राणी मारतो तो बंदुकीचा परवाना असलेला माणूस. शेत आणि बंदूक या दोन्हींपैकी काहीच नसलेल्या पारध्याचे नाव या कागदावर येण्याची वेळच येत नाही.

आणखी एक गोष्ट त्याला आधीच सांगायला हवी. अकराव्या कलमाखाली मारलेला प्राणी सरकारची मालमत्ता होतो. मांस घरी नेता येत नाही, विकता येत नाही, वाटताही येत नाही. कायदेशीर शिकारीत पारध्याला मिळेल ती फक्त मजुरी. त्याच्या आजोबांची शिकार ती ही नव्हे, हे दोन्ही बाजूंनी मनाशी स्वच्छ असावे.

बंदुकीपाशी वाट अडते

समजा, आपल्या अर्जदाराने ठरवले की बंदुकीचा परवानाच काढू. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये पिकांच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची खास तरतूद आहे. अर्ज जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्याकडे जातो आणि पोलीस ठाण्याचा अहवाल मागवला जातो.

आपल्या कायद्यात अमेरिकेसारखी 'फेलनी' नावाची गुन्ह्यांची वेगळी वर्गवारी नाही. शस्त्र कायद्याचे नववे कलम पाहते ते असे: हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कितीही मुदतीची कैद झाली असेल, तर शिक्षा संपल्यापासून पाच वर्षे त्या माणसाला बंदूक घेता येत नाही, बाळगता येत नाही, हातात घेऊन फिरताही येत नाही. चोरी सामान्यपणे नैतिक अधःपतनात धरली जाते. पाच वर्षे उलटली की कलमाची ही बंदी आपोआप उठते. आपल्या अर्जदाराची शिक्षा संपून वीस वर्षांहून जास्त झाली, म्हणजे या कलमाखाली तो मोकळा आहे. वन्यजीव कायद्याखालीच शिक्षा झाली असेल, तर दोष सिद्ध झाल्यापासून पाच वर्षे शस्त्र परवान्याला अपात्र ठरवण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. तिथेही मुदत पाचच वर्षांची.

नवव्या कलमात आणखी एक पोटकलम आहे आणि बेड्यावर तेच जास्त बोचते. शांतता राखण्यासाठी किंवा चांगल्या वर्तणुकीसाठी ज्याच्याकडून बंधपत्र घेतले असेल, त्यालाही त्या बंधपत्राची मुदत संपेपर्यंत बंदूक बाळगता येत नाही. आपल्याकडे याला चॅप्टर केस म्हणतात. इथे गुन्हा सिद्ध व्हावा लागत नाही, संशय पुरतो. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेत असलेल्या या तरतुदी आता नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहेत. ज्या समाजातल्या तरुणांवर परिसरात चोरी झाली की आधी नजर जाते, त्यांच्या वाट्याला ही बंधपत्रे सहज येतात.

शिवाय अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकाच्या संमतीशिवाय नवा शस्त्र परवाना देता येत नाही. यवतमाळ जिल्ह्यात टिपेश्वर आणि पैनगंगा ही दोन अभयारण्ये आहेत. डुकरांचा त्रास जिथे सर्वांत जास्त, तिथेच परवान्याची अट जास्त कडक. वाघांच्या दृष्टीने ही अट हवीच, पण त्यामुळे बंदुकीच्या मार्गाने पारध्याच्या हाताला काम मिळेल ही आशा आणखी पातळ होते.

अमेरिकेत हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवतात. तिथल्या १९६८ च्या केंद्रीय कायद्याने गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्या माणसाची बंदूक सामान्यतः कायमची जाते. पण हरणाची शिकार तिथे हंगामी परवान्यावर कायदेशीर आहे, म्हणून अनेक राज्यांत असा माणूस धनुष्यबाण घेऊन रानात जाऊ शकतो. तिथे बंदूक गेली तरी शिकार उरते. आपल्याकडे बंदुकीची बंदी पाच वर्षांत उठते, पण शिकारीचे रान सर्वांनाच बंद. दोन्ही देशांत प्रश्न एकच: शिक्षा भोगून आलेल्या माणसावर समाज पुन्हा विश्वास केव्हा ठेवणार?

आपल्या कायद्याने या प्रश्नाला पाच वर्षे हे उत्तर दिले आहे. मात्र पाच वर्षांनंतरही परवाना द्यायचा की नाही हा अधिकाऱ्याचा निर्णय असतो. नाकारायचा असेल तर सामान्यपणे कारणे लेखी द्यावी लागतात आणि त्यावर अपील करता येते. आपला अर्जदार इतका लांब टिकेल का? ज्या ठाण्यात त्याचे नाव जुन्या नोंदवहीत आहे, त्याच ठाण्याचा अहवाल त्याला हवा आहे.

जन्माबरोबर आलेला शिक्का

ती नोंदवही समजून घ्यायची तर दीडशे वर्षे मागे जावे लागते. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. आधी तो उत्तर हिंदुस्थानात लागू झाला, १९११ च्या कायद्याने देशभर त्याची व्याप्ती वाढली आणि १९२४ मध्ये तो पुन्हा एकत्र बांधला गेला. त्यात माणसाने काय केले हे पाहिलेच जात नव्हते. तो कोणत्या जमातीत जन्मला एवढे पुरे होते. नावे नोंदवायची, ठाण्यात हजेरी द्यायची, गाव सोडताना परवानगी घ्यायची. सोलापूरसारख्या ठिकाणी काटेरी तारांच्या आड वसाहती होत्या, ज्यांना लोक आजही सेटलमेंट म्हणतात. कोणत्या प्रांतात कोणती जमात यादीत, हे बदलत असे. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेला होता. याद्या वेगळ्या असल्या तरी पारधी या शब्दाला चिकटलेला संशय प्रांताच्या सीमा पाळत नव्हता.

याच काळात कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी वेगळा प्रयोग केला. त्यांनी हजेरीची पद्धत बंद केली आणि फासेपारध्यांना स्वतःच्या सेवेत घेतले, पहाऱ्याला ठेवले. ज्याला जग चोर म्हणते त्याच्या हाती राखण दिली, तर तो राखतो, हे एका राजाने शंभर वर्षांपूर्वी करून दाखवले.

स्वातंत्र्यानंतर अय्यंगार समितीच्या शिफारशीवरून ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. या जमाती विमुक्त झाल्या, म्हणून ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन. पण मागोमाग राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. आपल्याकडचा १९५९ चा. जमातीऐवजी व्यक्तीचे नाव आले, पण नजर त्याच वस्त्यांवर राहिली. पुढे रेणके आयोग आणि इदाते आयोग यांनी या समाजांची दशा सरकारपुढे मांडली.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला. तुरुंगाच्या नियमावल्यांतले जातीवर आधारलेले भेद घटनाबाह्य ठरले. विमुक्त जमातींच्या माणसांना जन्मावरून सराईत गुन्हेगार मानण्याची रीत न्यायालयाने नाकारली, आणि या समाजांच्या माणसांना मनमानी अटक होऊ नये याची काळजी घ्यायला पोलिसांना बजावले. पारधी अनुसूचित जमातीत असल्यामुळे ॲट्रॉसिटी कायद्याचे संरक्षणही त्यांना आहे. अनुसूचित जमातीच्या माणसावर खोटा किंवा छळाच्या हेतूने खटला भरणे हा त्या कायद्याखाली गुन्हा आहे. हे सगळे बेड्यापर्यंत पोचायला हवे. आपल्या अर्जदाराने ठाण्यात जाताना या निकालाची तारीख तरी पाठ करून जावी.

बोराटीची रात्र

यवतमाळ जिल्ह्यातच अलीकडच्या काळातली देशातली सर्वांत गाजलेली कायदेशीर शिकार झाली. पांढरकवडा, राळेगाव, कळंब परिसरात तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका टी-१ वाघिणीवर होता. लोक तिला अवनी म्हणूनही ओळखतात. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वनखात्याच्या आदेशात हस्तक्षेप करायला नकार दिला. तिच्या शोधात हत्ती आले, ड्रोन आले, शिकारी कुत्री आली, अत्तराचा वास लावून तिला खेचण्याचे प्रयोग झाले. अखेर २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री, दिवाळी तोंडावर असताना, राळेगाव तालुक्यातल्या बोराटीच्या शिवारात हैदराबादहून आलेल्या पथकातल्या शिकाऱ्याच्या गोळीने ती मेली. नंतर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशीने या कारवाईतल्या त्रुटींवर बोट ठेवले.

त्या महिन्यांत गावांनी भोगलेली भीती खरी होती आणि मेलेल्या माणसांच्या घरांचे दुःखही खरे आहे. मला त्यातून वेगळी गोष्ट दिसते. कायदेशीर शिकारीची वेळ आली तेव्हा प्रतिष्ठा, परवाना आणि बंदूक बाहेरून आली. ठसे वाचण्याची स्थानिक विद्या बेड्यांवर होती, तरी ती ठरवून, मानधन देऊन आणि नोंद ठेवून वापरण्याची व्यवस्था आपण उभी केलेली नाही.

विद्येला कायदेशीर काम

अशी व्यवस्था उभी राहू शकते, याचे दाखले देशात आहेत. तमिळनाडूतले इरुला लोक साप पकडून कातडी विकत. १९७२ चा कायदा आला, पुढे कातड्याची निर्यात बंद झाली आणि त्यांची चूल विझली. १९७८ साली चेन्नईजवळ साप पकडणाऱ्या इरुलांची सहकारी संस्था उभी राहिली. परवाना घेऊन ठरावीक साप पकडायचे, काही आठवडे ठेवून विष काढायचे आणि पुन्हा रानात सोडायचे. सर्पदंशावरच्या प्रतिविषासाठी देशाला लागणाऱ्या विषाचा मोठा भाग या संस्थेने पुरवला. २०२३ साली वडिवेल गोपाल आणि मासी सदैयान या दोन इरुला सर्पमित्रांना पद्मश्री मिळाली.

बिहारमधले मीरशिकार पिढ्यानपिढ्या पक्षी पकडत. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांच्या स्थलांतराचा अभ्यास सुरू केला तेव्हा इजा न करता पक्षी पकडायला हेच लोक हवे होते. पक्षी तोच, जाळेही जवळपास तेच, फक्त पक्ष्याच्या पायात कडे घालून त्याला सोडायचे. त्यांच्यातल्या अली हुसेन यांचे नाव पक्षिशास्त्रज्ञांत आजही आदराने घेतले जाते.

मध्य प्रदेशातल्या पन्ना व्याघ्र प्रकल्पात २००९ पर्यंत एकही वाघ उरला नव्हता, आणि शिकारीच्या संशयाची सुई पारधी टोळ्यांकडेही वळली होती. पुढे तिथे वाघ पुन्हा आणले गेले आणि त्याच भागात पारधी तरुण पर्यटकांना पायी रान दाखवणारे वाटाडे झाले. आपल्या शेजारी वाशीम-अकोला पट्ट्यात संवेदना ही संस्था फासेपारध्यांबरोबर गवताळ रानांच्या आणि तणमोराच्या रक्षणासाठी काम करते. तणमोर हा पावसाळ्यात गवतात वीण करणारा अत्यंत दुर्मीळ पक्षी. त्याला शोधायला ज्या डोळ्यांची गरज आहे, ते डोळे फासेपारध्याचे.

या चित्राची दुसरी बाजूही मी झाकणार नाही. २०१३ च्या सुमारास मेळघाटातल्या वाघांच्या शिकारीत बहेलिया या शिकारी समाजातल्या टोळ्यांचा हात उघड झाला होता. टिपेश्वरच्या वाघांच्या गळ्यात तारेचे फास अडकल्याच्या घटना घडल्या आहेत. डुकरासाठी लावलेला फास वाघाला ओळखत नाही. म्हणून शेतात मनाला येईल तसे फास लावू द्यावेत, असे मी मुळीच म्हणत नाही. वावराच्या कुंपणात वीज सोडून माणसे आणि जनावरे मारली जातात, तेही तितकेच अघोरी आहे. प्रश्न देखरेखीखालच्या कामाचा आहे. आज ही विद्या अंधारात, तारेच्या फासात आणि दलालाच्या हातात जाते, कारण उजेडात तिला रोजगार नाही.

अर्जाचे उत्तर

तर आपल्या अर्जदाराला उत्तर काय द्यायचे? पहिले, हौसेची किंवा पोटासाठीची शिकार आज कायदेशीर नाही आणि ती होईल अशी आशा त्याला कोणी दाखवू नये. दुसरे, जुन्या शिक्षेमुळे त्याची वाट कायमची बंद झालेली नाही. शिक्षा संपून पाच वर्षे झाली असतील आणि चालू बंधपत्र नसेल, तर शस्त्र कायद्याच्या नवव्या कलमातल्या या दोन्ही अटी त्याला अडवत नाहीत. तिसरे, वनहक्क कायद्याखालचा मध, वनोपज आणि मासळी यांचा हक्क त्याच्या शिक्षेवर अवलंबून नाही. तो मागायला हवा. चौथे, अकराव्या कलमाखालची परवानगी कोणत्याही व्यक्तीला देता येते, म्हणजे पारध्यालाही देता येते.

या चौथ्या उत्तराला हात-पाय देणे वनखात्याच्या आणि आदिवासी विकास विभागाच्या हातात आहे. जिल्ह्यात पांढरकवडा आणि पुसद इथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाची कार्यालये आहेत. त्यांनी आणि वनविभागांनी मिळून बेड्यांवरच्या जाणत्या माणसांची पथके करावीत. वनकर्मचाऱ्यांच्या उपस्थितीत, पिंजरा आणि जाळे वापरून डुकरे जिवंत पकडायचे काम त्यांना द्यावे; चुकून अडकलेला दुसरा प्राणी त्यामुळे सुखरूप सोडता येईल. जंगलातले तारेचे फास शोधून काढायचे काम त्यांना द्यावे, कारण फास कुठे असेल हे फास लावणाऱ्यालाच कळते. ठसे मोजणे, जखमी प्राण्याचा माग काढणे, गवताळ रानांची राखण करणे, ही कामे रोजंदारीवर आणि ओळखपत्रासह द्यावीत. पोलीस अहवाल मागायचाच असेल, तर त्यात सिद्ध झालेले गुन्हे आणि शिक्षा संपल्याची तारीख एवढेच असावे. संशयाची नोंद म्हणजे शिक्षा नव्हे.

बेड्यावरच्या पोरांनी शिकारीच व्हावे, असे यात काही नाही. आपल्या शेजारी, अमरावती जिल्ह्यातल्या मंगरूळ चव्हाळा इथे मतीन भोसले यांनी फासेपारधी मुलांसाठी शाळा उभी केली आणि तिचे नाव प्रश्नचिन्ह ठेवले. त्या मुलांनी डॉक्टर, शिक्षक, फौजदार, काय हवे ते व्हावे. पण त्यांच्या आजोबांकडचे ज्ञान गुन्ह्याचा पुरावा म्हणून मरू नये. त्यांच्या डोळ्यांसमोर ते एखाद्या वनरक्षकाच्या नोंदवहीत, सन्मानाने लिहिले जावे.

यवतमाळच्या शेतकऱ्याला माझी विनंती आहे. या हंगामात डुकरांच्या नुकसानीचा अर्ज द्यायला वनपरिक्षेत्र कार्यालयात जाल, तेव्हा बंदोबस्तासाठी बेड्यावरच्या माणसांचे पथक द्या, अशी लेखी मागणी त्याच अर्जात करा. एका अर्जाने रिवाज बदलत नाही, शंभर अर्जांनी बदलतो. आणि बेड्यावरचा कोणी शिक्षा भोगून परत आला असेल, तर त्याची मुदत मोजा. कायद्याने ती पाच वर्षे ठरवली आहे. त्याहून एक दिवसही जास्त मोजण्याचा अधिकार ठाण्याला नाही, गावाला नाही आणि आपल्यालाही नाही.